चोपण रानात गहू आणि गंधकाची पोती: आधी काय, मग काय

आमच्याकडे मुळा कालव्याखाली रान आलं तेव्हा आज्जा म्हणायचा की आता सोनं पिकणार, आणि पिकलंही बरीच वर्षं, पण ऊस, पाटाचं पाणी, परत ऊस, परत पाणी असं करत करत खालच्या अंगाचं दीड एकर चोपण होऊन बसलं. पावसाळ्यात लोण्यासारखं, उन्हाळ्यात सिमेंटसारखं. त्यात गहू पेरला की निम्मा उगवायचा, तोही पिवळा. मग दुकानात गेलो, दुकानदार म्हणाला पीएच (माती आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा) जास्त आहे ना, सल्फर म्हणजे गंधक टाका, पीएच खाली येतो, आणि दोन बकेट हातात दिल्या. त्या मी नोव्हेंबरात पेरणीबरोबर टाकल्या. काय झालं? काही नाही झालं, पीएच होता तिथंच आणि पैसे गेले.

हे सगळं नव्याने शेतीत उतरलेल्यांसाठी लिहितोय, म्हणजे गंधक हे काय करतं आणि काय करत नाही ते आधी डोक्यात बसेल आणि मग खिशात हात घालाल.

सगळ्यात आधी : आपल्या काळ्या रानात पीएच "पाडायचा" नसतो

गंधक मातीत पडलं की ते तसंच्या तसं काही करत नाही. मातीत थायोबॅसिलस जातीचे जिवाणू असतात, ते गंधक खातात आणि त्यातून सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं. आता नव्या माणसाला वाटतं ॲसिड झालं म्हणजे पीएच उतरला, विषय संपला. पण आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, ते पांढरे खडे दिसतात ना नांगरताना ते, आणि डोळ्यांना न दिसणारा बारीक चुनाही असतो. ॲसिड आधी त्या चुन्याला खातं. एक किलो गंधकाचं ॲसिड साधारण ३ किलो चुना खातं. एका एकरातली वरची १५ सेंटीमीटर माती म्हणजे अंदाजे ९ लाख किलो. त्यात चुना समजा ५ टक्के धरला (आपल्याकडे ५ म्हणजे काही फार नाही) तर झाला ४५ हजार किलो. तो सगळा संपवून मग पीएच उतरवायचा म्हटलं तर एकरी १४-१५ टन गंधक लागेल. टन बरं का, किलो नाही. म्हणजे बकेटीतून आणलेल्या पाच-दहा किलोत पीएच ८.८ चा ७.५ होईल असं कोणी सांगत असेल तर त्याला नमस्कार करून निघा.

मग गंधकाचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि चांगला आहे, पण वेगळ्या वाटेने. ते ॲसिड चुन्यावर पडलं की जिप्सम तयार होतं, तिथल्या तिथे, मातीतच. जिप्सममधलं कॅल्शियम चिकणमातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमला ढकलून बाहेर काढतं आणि सोडियम पाण्यात विरघळून खाली जातो, जर खाली जायला वाट असेल तर. चोपणपणा हा सोडियममुळे असतो. सोडियम गेला की माती मोकळी होते, पाणी मुरतं, मुळी श्वास घेते, आणि पीएच ९ च्या आसपास असेल तर तो आपोआप ८.२-८.३ वर येऊन थांबतो. तिथून खाली तो चुना येऊच देत नाही. आणि गव्हाला ८.२ चालतो हो, मजेत चालतो.

आमचा चुनाच म्हणजे आमची जिप्समची खाण आहे, गंधक ही फक्त कुदळ. हे समजायला मला दोन हंगाम लागले.

पेल्यातलं ढेकूळ

लॅबला जायच्या आधी घरी एक गोष्ट करा, फुकट आहे. शंका असलेल्या रानातलं एक कोरडं ढेकूळ घ्या, मोठ्या बोराएवढं. काचेच्या पेल्यात पावसाचं धरलेलं पाणी किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. विहिरीचं, बोअरचं नको, त्यातले क्षार माती धरून ठेवतात आणि निकाल खोटा येतो. ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका. पोरांना लांब ठेवा, ती हमखास चमचा घालतात.

दोन तासांनी बघा. ढेकूळ फुटून खाली ढीग झालाय पण पाणी वर स्वच्छ आहे, तर सोडियमची मोठी भानगड नाही. पण ढेकळाभोवती दुधाळ धुकं पसरलंय, चहात दूध सोडल्यावर पहिल्या क्षणी दिसतं तसं, आणि ते बसतच नाही, तर सोडियम आहे. आमच्या खालच्या रानाचा पेला दुसऱ्या दिवशी सकाळीही गढूळ होता आणि वरच्या रानाचा आरशासारखा, आणि दोन्हीत अंतर किती तर दोनशे पावलं.

दुसरं, चिमूटभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका, फसफसलं की चुना आहे. अजिबात फसफसलं नाही तर तुमचं प्रकरण वेगळं आहे, तिथे गंधकाने जिप्सम तयार होणार नाही, तिथे सरळ जिप्समच टाकावं लागतं.

लॅबमध्ये काय मागायचं

मातीचा नमुना गहू निघाल्यावर, म्हणजे एप्रिल-मे मध्ये घ्या, खत टाकायच्या आधी. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा खड्डा, वीत भर खोल, त्याच्या कडेची माती खरवडून घ्यायची, सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. चांगलं रान आणि चोपण रान यांची माती एकत्र करू नका, हे सगळे करतात आणि मग रिपोर्ट दोन्हींचा नसतो. चोपणातला एक नमुना एक ते दोन फूट खोलीवरचाही वेगळा घ्या, कारण मळा खाली कसा आहे ते वरून कळत नाही.

आता मेन गोष्ट. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ गोष्टी येतात, पीएच, ईसी (मातीत विरघळलेले क्षार किती ते), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. त्यात सोडियमची टक्केवारी नसते आणि मुक्त चुनाही नसतो. म्हणजे आपल्याला ज्या दोन आकड्यांची गरज तेच नाहीत. त्यामुळे कृषी विद्यापीठाच्या किंवा केव्हीकेच्या (कृषी विज्ञान केंद्राच्या) लॅबमध्ये तोंड उघडून सांगायचं की मुक्त चुना, सीईसी (माती कॅल्शियम, सोडियम वगैरे एकूण किती धरून ठेवू शकते ते) आणि ईएसपी (त्यातला सोडियमचा वाटा, टक्क्यांत) पण हवंय, थोडे जास्त पैसे लागले तरी द्या.

रिपोर्ट असा वाचा. ईसी ४ च्या वर, पीएच ८.५ च्या खाली, ईएसपी १५ च्या खाली, म्हणजे जमीन क्षारयुक्त, वर पांढरा मीठफुलोरा दिसतो ती. तिथे गंधकाचं काहीच काम नाही, चर काढा, गोड पाण्याने क्षार धुवून काढा. पीएच ८.५ च्या वर आणि ईएसपी १५ च्या वर म्हणजे चोपण, हे आपलं गिऱ्हाईक. दोन्ही वाढलेले असतील तर दोन्हींचा इलाज, पण गोड पाणी सोडायच्या आधी जिप्सम किंवा गंधक पाहिजे, नाहीतर क्षार धुतले जातात, सोडियम तसाच राहतो आणि माती पहिल्यापेक्षा जास्त बसते. आणि ते १५ पुस्तकातलं आहे, आपल्या चिकण काळ्या मातीत ईएसपी १५ च्या बराच आत असतानाच पाणी मुरायचं बंद होतं, म्हणून ईएसपी १० आलं तर खूश होऊन बसू नका, पेला बघा.

पाण्याला वाट आहे का

खरं तर हे पहिलं काम आहे, गंधकाच्याही आधीचं. गंधकाने सोडियम सुटा केला आणि रान चिबड असेल, पाणी खाली जायला जागाच नसेल, तर सुटा झालेला सोडियम तिथेच फिरत राहणार आणि वर क्षार वाढणार. शिवाय चिबडात हवा नसते, आणि ते जिवाणू हवेशिवाय काम करत नाहीत. उलट कोंडलेल्या पाण्यात दुसरे जिवाणू गंधकाचा सडक्या अंड्यासारखा वास मारणारा वायू करतात, तो मुळीला वाईट.

आम्ही उताराच्या अंगाला बांधाकडेने साडेतीन फूट चर मारला जेसीबीने आणि तो ओढ्याला जोडला. शेजाऱ्याशी बोलणी करण्यात एक महिना गेला, खोदायला अर्धा दिवस. वाळवा, शिरोळकडे उसाच्या पट्ट्यात जमिनीखाली भोकाचे पाईप टाकून सामुदायिक निचरा केलाय लोकांनी, परवडत असेल आणि चार शेजारी एकत्र येत असतील तर ते सगळ्यात भारी, पण एकट्याने करायचं तर उघडा चर पुष्कळ.

विहीर-बोअरचं पाणी पण तपासा, आरएससी (पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरणारं कार्बोनेट-बायकार्बोनेट किती) आणि एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती) हे दोन आकडे मागा. आरएससी २.५ च्या वर असेल तर ते पाणीच रान चोपण करतंय, तुम्ही वरून गंधक टाकताय आणि मोटारीतून रोज सोडियम सोडताय. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर खालचं पाणीच खारं, तिथल्या माणसाने ही माझी पद्धत विहिरीच्या जोरावर करू नये, पावसाचं पाणी शेततळ्यात धरून त्याच्यावर करावी.

गंधक किती

इथे थोडं गणित आहे, घाबरू नका. सीईसी गुणिले ईएसपी भागिले १००, हा झाला मातीला चिकटलेला सोडियम. समजा सीईसी ५० आणि ईएसपी १६, तर सोडियम आला ८. ईएसपी ८ वर आणायचं म्हणजे सोडियम ४ वर आणायचा, म्हणजे ४ काढायचा. वरच्या १५ सेंटीमीटरमधून १ काढायला एकरी साधारण १४५ किलो शुद्ध गंधक लागतं, किंवा ७७० किलो शुद्ध जिप्सम. म्हणजे ४ साठी ५८० किलो गंधक, किंवा तीन टनाच्या थोडं वर जिप्सम. गोणीवर ९० टक्के लिहिलं असेल तर ५८० भागिले ०.९, म्हणजे ६४५ किलो. जिप्समही कधी शुद्ध येत नाही, त्याची टक्केवारी विचारून तसंच वाढवायचं.

एकदम सगळं टाकू नका, तीन पावसाळ्यांत वाटा. दरवर्षी दोनशे-सव्वादोनशे किलो, आणि दर उन्हाळ्यात परत माती बघायची. कधी कधी दुसऱ्या वर्षानंतरच पुरे होतं कारण हिरवळीचं खत आणि शेणखतही काम करत असतं.

जिप्सम की गंधक हा प्रश्न शेवटी भाड्याचा आहे. जिप्समच्या खाणी मुख्यतः राजस्थानात, बिकानेर, नागौर वगैरे, आणि एक टन गंधकाचं काम करायला साडेपाच टनाच्या आसपास जिप्सम वाहावं लागतं. जिप्सम पाण्यात पडलं की लगेच कामाला लागतं, गंधकाला महिने लागतात. तुमच्या गावपोच दराने दोन्हींचा हिशोब कागदावर मांडा. स्वस्तात चांगलं जिप्सम मिळत असेल तर मी म्हणेन जिप्सम घ्या, गंधकाच्या प्रेमात पडू नका. साखर कारखाना जवळ असेल तर प्रेसमडही (उसाचा रस साफ करताना निघणारा गाळ) बघा, आपल्याकडे बहुतेक कारखान्यांत रस गंधकाच्या धुराने साफ करतात त्यामुळे त्या प्रेसमडमध्ये गंधक आणि सेंद्रिय माल दोन्ही येतं. फक्त चांगला कुजलेला घ्या, ताजा आणला तर वास आणि गरमी दोन्ही.

दुकानात गंधक तीन रूपांत दिसेल. ८० टक्के पाण्यात मिसळणारी पावडर किंवा बारीक दाणे, ती मुळात भुरी रोगावर फवारायची, द्राक्षवाल्यांना विचारा, जमिनीत शेकड्याने टाकायला ती फार महाग. ९० टक्के बेंटोनाइटचे मसूर डाळीसारखे पिवळट दाणे, ओल लागली की फुगून फुटतात, हाताने फेकायला सोपे. आणि साधी पिवळी पावडर, जितकी बारीक तितकी लवकर कामाला येते पण वाऱ्यावर उडते. पावडर टाकताना चष्मा लावा, तोंडाला फडकं बांधा, आणि बिडी-सिगारेट बांधावर ठेवून या, गंधकाची धूळ पेट घेते. मी पहिल्यांदा चष्म्याशिवाय टाकलं आणि संध्याकाळपर्यंत डोळे चोळत होतो, बायको म्हणाली डोळे आलेत तुमचे.

कधी आणि कसं टाकायचं

इथेच मी चुकलो होतो. जिवाणूंना ऊब पाहिजे, २५ ते ३५ अंश, ओल पाहिजे आणि हवा पाहिजे. नोव्हेंबरात थंडी पडायला लागते, गंधक टाकलं की झोपूनच राहतं. गहू काढेपर्यंत ते तसंच पडलेलं. म्हणून रब्बीच्या गव्हासाठी गंधक जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस होऊन वाफसा आला की लगेच. शेतभर एकसारखं फेका, रोटाव्हेटरने किंवा कुळवाच्या दोन पाळ्या देऊन वरच्या चार ते सहा इंचात मिसळा. वरवर ठेवू नका आणि खोल नांगरूनही गाडू नका, खाली हवा नसते. जमलं तर त्याच वेळी एकरी चार-पाच गाड्या शेणखत टाका, जिवाणूंचं घर आहे ते.

मग त्याच ओलीवर धैंचा पेरा, एकरी २० किलो बी. ताग पण चालतो पण चोपणात धैंचाच तग धरतो. रानाला बांध घालून पावसाचं पाणी आडवा, ते मुरू द्या, आकाशातून पडतंय तेवढं गोड पाणी दुसरीकडे कुठे मिळणार. जास्तीचं मात्र चरातून जाऊ द्या, तीन-तीन दिवस तुंबू देऊ नका. ४५-५० दिवसांनी फुलं दिसायला लागली की धैंचा गाडा. पहिल्या वर्षी आमचा धैंचा एका कोपऱ्यात गुडघ्याएवढाच राहिला आणि बाकी ठिकाणी डोक्यावर गेला, तेव्हा कळलं की खरं दुखणं त्या कोपऱ्यात आहे, पुढच्या वर्षी तिथे डोस वाढवला. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत रान कुजू द्या, मध्ये उघडीप मिळाली की एक पाळी मारा.

गहू

पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. जात निफाडच्या संशोधन केंद्राची घ्या, तपोवन, त्र्यंबक, फुले समाधान, यातलं जे ताजं बियाणं मिळेल ते. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संस्थेने केआरएल २१० सारख्या क्षार सोसणाऱ्या जाती काढल्यात पण त्या उत्तरेच्या थंडीच्या हिशोबाने, नव्या माणसाने पहिल्याच वर्षी त्यामागे धावू नये. चोपणात उगवण कमी होते म्हणून बी पाव हिश्श्याने वाढवा, म्हणजे एकरी ४० किलो टाकत असाल तर ५०. ओलवून वाफशावर पेरा, पेरून वर भरमसाट पाणी सोडलं की पापडी धरते आणि कोंब आतल्या आत वळतो.

आता गव्हाला खाऊ म्हणून लागणारं गंधक हा वेगळा विषय आहे, लोक इथेच घोळ घालतात. जमीन सुधारायला शेकड्याने किलो, पिकाला खायला एकरी दहा-पंधरा किलो. आणि ते बहुतेक वेळा फुकटात मिळतं. बागायती गव्हाला एकरी २४ किलो स्फुरद द्यायचं असतं, ते तुम्ही डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटने दिलंत तर ५० किलोच्या तीन गोण्या होतात आणि त्या तीन गोण्यांतून १६ किलो गंधक बरोबर येतं. वेगळी गंधकाची पिशवी कशाला? नत्राचा एखादा हप्ता अमोनियम सल्फेटने दिला तर अजून मिळतं. चोपणात युरिया वर पसरून ठेवला की वायू होऊन उडून जातो, पाणी देताना द्या किंवा मातीआड करा. झिंक सल्फेट एकरी १० किलो टाका पण स्फुरदाच्या खतात कालवून नको, दोघं एकमेकांना धरून बसतात.

पहिलं पाणी १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटायच्या वेळेला, हे चुकवू नका. पण हलकं. चोपणात पाण्याचं गणित असं की थोडं आणि लवकर लवकर, आवर्तन आलंय म्हणून रात्रभर दारं उघडी टाकून झोपलात तर सकाळी तळं.

गहू पिवळा दिसला की लगेच युरिया फेकू नका, आधी खाली बसून कोणतं पान पिवळं ते बघा. खालची जुनी पानं पिवळी तर नत्र कमी. वरची नवी पानं अख्खी फिकट तर गंधक. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, पट्ट्यापट्ट्याची, तर लोह, त्याला फेरस सल्फेटची अर्धा टक्क्याची फवारणी, १० लिटरला ५० ग्रॅम, त्यात एक लिंबू पिळून, आठ-दहा दिवसांनी परत एकदा. आणि सगळंच रान पिवळं, ओलं, मुळ्या तपकिरी, तर काहीही फवारू नका, चर तुंबलाय का बघून या.

गहू निघाला की एप्रिलमध्ये परत नमुना, त्याच लॅबला, आणि पीएचच्या आकड्याकडे बघून नाराज होऊ नका, तो ८.९ चा ८.५ झाला असेल नसेल, तुम्ही ईएसपीचा आकडा बघा. आणि पेला तर लावाच. आमचा खालच्या रानाचा पेला तिसऱ्या उन्हाळ्यात संध्याकाळी सोडला तर सकाळी वरचं बोटभर पाणी स्वच्छ होतं, खाली अजून दुधाळ. कोपऱ्यातलं ढेकूळ वेगळ्या पेल्यात होतं, ते अजून तसंच, तिथे यंदा परत दोन गोण्या जाणार आहेत.